बुजगावण्याच्या अंगावरचा स्वेटर

कोमुहांगीनं लग्न केलं नाही, त्यामुळे आमच्या डोंगरात एक चावट प्रश्न सोळा वर्षं फिरत होता. बाजाराच्या दिवशी ती चढ चढून येताना दिसली, की केळ्याची दारू पीत बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी हमखास विचारायचं, "काय डॉक्टरीणबाई, रुताबानं तुझ्या बापाला गायी किती दिल्या?" आमच्याकडे लग्नात नवरा सासऱ्याला गायी देतो. आणि रुताबा म्हणजे वरच्या जंगलातला गोरिला, पाठीवर रुपेरी केस आलेला, तेरा जणांच्या कुटुंबाचा कर्ता. कोमुहांगीही ऐकून घेणारी नव्हती. "गायी नाही दिल्या अजून," ती म्हणायची, "पण तुमच्यासारखा झिंगून घरी येत नाही, तेवढ्यावर भागवते मी." मग सगळे खो खो हसायचे आणि बाकावर सरकून तिला जागा करून द्यायचे.

ती न्याबारेमाची, आमच्याच गावची पोर. जंगलाच्या कडेला, जिथं शेवटचा बांध संपतो आणि झाडी सुरू होते, तिथं तिचं घर. बाप लाकूड कापणारा. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकायचा, एक जण वर उभा, एक जण खाली, मधे लांबलचक करवत. ती बारा वर्षांची असताना सरकारनं ब्विंडीचं जंगल बंद केलं. सरपणाची काटकी आणायची नाही, मध काढायचा नाही, करवतीचं तर नावच काढायचं नाही. बापानं करवत आढ्याला टांगली ती मरेपर्यंत खाली घेतली नाही. पोरगी राजधानीत शिकून जनावरांची डॉक्टर झाली आणि गोरिलांना औषध देण्याच्या नोकरीवर गावात परत आली, तेव्हा तो एवढंच बोलला, "ज्यांच्यापायी माझी करवत गेली, त्यांची तू वैदू झालीस." पुढं अकरा वर्षं जगला, तिच्या हातचं खात-पीत राहिला, पण तिच्या कामाबद्दल तोंडातून अक्षर काढलं नाही.

आई लहानपणीच गेलेली. वाढवलं ते आत्यानं. आत्या केबिरुंगी म्हणजे बापाची थोरली बहीण, विधवा, बुटकी, सत्तरीतही डोक्यावर रताळ्यांची टोपली घेऊन चढ चढणारी. कोमुहांगी गावात आली आणि दारोदार जाऊन सांगू लागली, की बाबांनो, तुमचा खोकला वर जातो. माणसाचा रोग गोरिलाला लागतो, आणि आपण ज्या सर्दीतून आठवड्यात उठतो त्या सर्दीनं त्यांचं अख्खं कुटुंब साफ होतं. गाव हसलं. आत्या हसली नाही. तिला कितपत पटलं होतं देव जाणे, पण पोरगी सांगते ना, मग करायचं. संडास सगळ्यांच्या आधी तिनं खणला. रानडुकरांसाठी लावलेले तारेचे फास सगळ्यांच्या आधी तिनं काढले, कारण त्यात गोरिलाच्या पिल्लांचे हात अडकतात असं पोरगी म्हणाली होती. "मग पिकाची राखण कशी करू?" तिनं विचारलं. "बुजगावणं लाव," कोमुहांगी म्हणाली. आत्यानं लावलं. तिचं बघून शेजारणींनी लावलं, आणि दोन-चार वर्षांत सगळ्या उतारावर फास जाऊन बुजगावणी आली.

पण एक टोमणा कोमुहांगीच्या जिव्हारी लागायचा. "आमच्या नातवाला ताप आला तर दवाखाना दोन डोंगर पलीकडे, आणि वर माकडाला शिंक आली तर डॉक्टर दारात." ते खरंच होतं. मग तिनं जंगल खात्याच्या वरच्या ऑफिसाचे उंबरे झिजवले. महिन्यातून एकदा चर्चच्या अंगणात एक नर्स आणि औषधांची पेटी येईल, एवढं पदरात पाडून घ्यायला तिला सहा वर्षं लागली. ती पेटी म्हणजे तिचा जीव की प्राण. गावात माणूस खोकेनासा झाला की गोरिला आपोआप वाचतात, हे तिचं गणित, आणि ते चुकीचं नव्हतं. पेटी सुरू झाली आणि गावानं तिला खऱ्या अर्थानं आपलं म्हटलं.

त्या वर्षी जूनमध्ये चर्चच्या अंगणात खरजेची पोरं आली. एक-दोन नाहीत, तीस-पस्तीस. बोटांच्या बेचक्यांत, कमरेला, काखेत फोड, खाजवून खाजवून रक्त काढलेलं. नर्सबाई उग्र वासाचं पांढरं औषध फासत होती आणि कोमुहांगी पोरांच्या अंगातले कपडे काढत होती. आत्याची नात अकाम्पा सहा वर्षांची. तिच्या अंगात पिवळा स्वेटर होता, बाजारातल्या जुन्या कपड्यांच्या ढिगातून घेतलेला, पोटावर बदकाचं चित्र. पोरगी तो सोडायला तयार होईना. कोमुहांगीनं दोन्ही हात वर धरून तो ओढून काढला, आणि मग आयांकडे वळून मोठ्यांदा म्हणाली, "हे कपडे पुन्हा माणसाच्या अंगाला लावायचे नाहीत. उकळत्या पाण्यात घाला, नाहीतर टाकून द्या. कळलं?"

"कळलं," सगळ्या म्हणाल्या.

आपलं ते वाक्य तिला पुढं आयुष्यभर पाठ राहणार होतं. पण त्या दिवशी ती खुशीत घरी गेली, रताळी आणि घेवडा खाल्ला, आणि आत्याला म्हणाली, "आज फार चांगलं काम झालं बघ."

पाच आठवड्यांनी तिबेसिग्वा डोंगर उतरून खाली आला. हा गोरिलांचा माग काढणारा. वय अठ्ठावन्न, पूर्वी तिच्या बापाबरोबर त्याच करवतीच्या खालच्या टोकाला उभा असायचा. त्याच्या आईची आधीची मुलं जगली नव्हती, म्हणून तिनं ह्याचं नाव ठेवलं 'भरवसा धरू नये'. आमच्याकडे अशी नावं ठेवतात, मरणाला हाव सुटू नये म्हणून. त्यानंही रुताबाच्या कुटुंबातल्या कान्यांगे नावाच्या मादीच्या पिल्लाचं नाव असंच ठेवलं होतं. मुगेनी, पाहुणा. कान्यांगेची आधीची दोन पिल्लं गेलेली. हे तिसरं, आठ महिन्यांचं.

"मुगेनी खाजवतोय," तिबेसिग्वा म्हणाला.

"किती?"

"दूध पिता पिता थांबतो आणि खाजवतो. पाठीवरचे केस गेलेत. कान्यांगेच्या हातावरचेपण."

कोमुहांगीनं रात्रीच सामान बांधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर गेली. तोंडाला मास्क, दहा पावलांचं अंतर, सगळं नियमानं. कान्यांगे ओल्या उतारावर बसली होती. पिल्लू तिच्या छातीला चिकटलेलं, आणि त्याच्या पाठीची कातडी पांढरट, खपल्या खपल्यांची, रताळ्याच्या सालीसारखी सुरकुतलेली. ते खाजवायचं, कण्हायचं, पुन्हा खाजवायचं. हे फोड कोमुहांगीनं पाहिले होते. गेल्याच महिन्यात, चर्चच्या अंगणात, तीस-पस्तीस पोरांच्या अंगावर.

आता औषध होतं. साधं इंजेक्शन, तिच्या पेटीत पडलेलं. मोठ्यांना बंदुकीतून लांबून टोचता येतं. पण एवढ्या लहान पिल्लाला लांबून टोचत नाहीत, त्यासाठी आईला भूल द्यावी लागते, रुताबाला आठ-दहा माणसांनी अडवून धरावं लागतं, आणि ह्या सगळ्याला वरून परवानगी लागते. परवानगीचा नियम असा, की रानातल्या जनावराला रानातलं दुखणं झालं असेल तर हात लावायचा नाही. माणसामुळे झालं असेल तरच लावायचा. तिनं तासभर चढून, जिथं फोनला रेंज येते त्या टेकाडावरून, ऑफिसाला कळवलं. उत्तर आलं: रोग माणसाकडून आला हे कशावरून? उगम सिद्ध करा. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं म्हणा. इकडे पिल्लू दिवसागणिक वाळत होतं.

"उगम कुठून शोधू मी काका?" ती तिबेसिग्वाला म्हणाली. "आपण अंतर पाळतो. गोरिला बघायला येणारे पाहुणे अंतर पाळतात. खरूज काय हवेतून उडत गेली?"

तिबेसिग्वानं टोपी काढली, पुन्हा घातली. मग खिशातून फोन काढून तिच्या हातात दिला. "तुला दाखवणार होतो. पण ती मंडळी जंगलाबाहेर आली हे मी लगेच कळवलं नव्हतं, म्हणून राहिलं."

फोनवर एक लहानशी चित्रफीत होती. केळीची बाग. रुताबा पाठ करून बसलेला, बुंधा फाडून आतला गाभा खातोय. त्याच्या पलीकडे एक बुजगावणं आडवं पडलेलं, आणि दोन पोरसवदा गोरिला त्याच्या अंगावरचं काहीतरी ओढतायत. ते निघालं. एकानं ते डोक्यावर घेतलं, गिरकी घेतली, दुसऱ्यानं हिसकावलं, आणि मग ते कान्यांगेजवळ नेऊन टाकलं. कान्यांगेनं ते उचलून हुंगलं. छातीवरच्या मुगेनीनं त्याची बाही तोंडात घातली. फीत काढताना तिबेसिग्वा हसत होता, ते हसणंही ऐकू येत होतं. पिवळा स्वेटर, पोटावर बदक.

"किती गोड दिसत होते गं," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला हसू येईल."

ती थेट आत्याच्या शेतावर आली. आत्या ज्वारीची कणसं कापत होती. कडेला बुजगावण्याच्या दोन काठ्या उरल्या होत्या, एक उभी, एक आडवी. वर फुटकी टोपली.

"आत्या, अकाम्पाचा पिवळा स्वेटर कुठंय?"

"तू टाकायला सांगितलास ना?"

"मग टाकलास?"

"टाकला की. ह्या काठीच्या अंगावर. त्याच दिवशी, घरी आल्या आल्या." आत्याच्या आवाजात कौतुक होतं, स्वतःचंच. "तू म्हणालीस माणसाच्या अंगाला लावायचा नाही. बुजगावणं काय माणूस आहे? आणि बाई, त्या ढगळ्या पोत्यापेक्षा ते कितीतरी खरं दिसायला लागलं. वानरं आठ दिवस फिरकली नाहीत. ह्या मेल्या गोरिलांनीच येऊन पाडलं."

"उकळला का नाहीस?"

"कशावर उकळू?" आत्यानं विळा खाली ठेवला. "एक चूल पेटवायला निलगिरीच्या चार काटक्या विकत आणते मी. सरपण तुझ्या बापाच्या करवतीबरोबरच गेलं की नाही? आणि धडधाकट लोकरीचा कपडा टाकून द्यायला मी काय राणी आहे कुठली?"

कोमुहांगी मागे वळली. बांधावरून खालचा सगळा उतार दिसत होता. ज्वारीत, नाचणीत, केळीच्या कडेनं बुजगावणी उभी होती, आणि सगळ्यांच्या अंगावर कपडे होते. निळा शर्ट. फुलाफुलांचा झगा. शाळेची तपकिरी चड्डी. एकेक कपडा तिनं स्वतःच्या हातानं पोरांच्या अंगातून काढलेला होता. पोरांना औषध लावून त्यांच्या आया घरी आल्या, आणि डॉक्टरीणबाईचं ऐकून त्यांनी खरजेचे कपडे जंगलाच्या कडेला ओळीनं टांगून ठेवले. फास काढा म्हणणारी तीच होती. बुजगावणी लावा म्हणणारीही तीच. ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. ती बांधावरच बसली.

"काय झालं गं?" आत्यानं विचारलं.

कोमुहांगीनं सांगितलं. आत्यानं विळा उचलला, पण कणसाला लावला नाही. अकाम्पा मात्र शेजारीच खेळत होती, तिनं सगळं ऐकलं होतं. "माझा स्वेटर गोरिलाच्या बाळानं घातला?" तिनं डोळे मोठे करून विचारलं. "मग परत कधी देईल?"

संध्याकाळच्या आत अहवाल लिहायचा होता. तिबेसिग्वा तिच्या ओट्यावर येऊन बसला. "पाहुण्यांपैकी कुणाचं तरी नाव घाल," तो म्हणाला. "लांबचे लोक, भांडायला थोडेच येणारेत? गावाचं नाव घातलंस तर ती पेटी बंद करतील बघ. मी ओळखतो ह्यांना."

"पाहुण्यांचं नाव घातलं तर उद्या बुजगावण्यांवरचे कपडे कोण काढणार?"

"ते आपण गुपचूप काढू."

"आणि पुढच्या गावात? पुढच्या खोऱ्यात? तिथं पण पेट्या येणारेत काका, माझंच बघून."

तिनं खरं ते लिहिलं. कपडे, बुजगावणं, फीत, आणि आपण दिलेला सल्ला, शब्दाला शब्द. ऑफिसानं दोन दिवस घेतले आणि विचारलं: स्वेटर कोणाच्या घरचा? नाव कळवा, पुढील कार्यवाहीसाठी. त्या दोन दिवसांत मुगेनीनं दूध सोडलं. कोमुहांगी टेकाडावर उभी राहून फोनकडे बघत राहिली. आत्याचं नाव लिहिलं तर आत्याला शहरात चौकशीला बोलावतील, जी आत्या आयुष्यात कधी मोटारीत बसली नव्हती. तिनं लिहिलं: स्वेटर माझ्या घरचा. जबाबदारी माझी. खोटं त्यात काही नव्हतं, घर दुसरं तिला होतंच कुठलं.

परवानगी शनिवारी दुपारी आली. उरलेल्या उजेडात माणसं गोळा करून वर पोचेपर्यंत अंधार झाला असता, म्हणून निघाले रविवारी पहाटे. गावातले आठ जण कोयते आणि काठ्या घेऊन, तिबेसिग्वा पुढं, कोमुहांगी बंदूक घेऊन मागं. नऊच्या सुमाराला कुटुंब सापडलं. कान्यांगे चालत होती आणि पिल्लू तिच्या मानेवर आडवं होतं, डोकं एका बाजूला लोंबत.

"झोपलंय," तिबेसिग्वा हळूच म्हणाला.

"काका."

"झोपलंय म्हणतो ना."

तिनं बंदुकीत सुई भरली. माणसांची रांग झाली, काठ्या आपटायला लागल्या, रुताबा दोनदा अंगावर धावून आला आणि दोनदा मागं फिरला. कोमुहांगीनं कान्यांगेच्या मांडीवर नेम धरला. सुई लागली. कान्यांगेनं ती उपटून फेकली, चार पावलं गेली, बसली, आणि पिल्लाला पोटाशी घेऊन आडवी झाली. आता वेळ थोडा होता. कोमुहांगीनं आधी आईला टोचलं, कातडीवरच्या खपल्या खरवडून बाटलीत घेतल्या. मग पिल्लाकडे हात नेला. ते गार होतं. रात्रीच कधीतरी गेलं असावं. एका दिवसानं उशीर झाला, की आठ दिवसांनी, की पाच आठवड्यांनी, हे तिला कुणी विचारलं नाही, पण ती स्वतःला विचारत राहिली.

मेलेलं पिल्लू आईकडे ठेवता येत नव्हतं. त्याच्या अंगावर अजून खरूज जिवंत होती, आणि माद्या मेलेलं पिल्लू दिवसच्या दिवस छातीशी धरून हिंडतात. कोमुहांगीनं कान्यांगेची बोटं एकेक करून सोडवली आणि मुगेनीला पिशवीत घातलं. हाडं आणि कातडी, वजन असं नव्हतंच. तिबेसिग्वा पलीकडे तोंड करून उभा राहिला आणि मोठमोठ्यानं काठी आपटत राहिला, गरज नसताना.

ते मागं सरकले. कान्यांगे शुद्धीवर आली ती आधी पोटावर हात फिरवत. मग तिनं खालची पानं उलटली. बाजूची उलटली. उठून, जिथून आली होती त्या वाटेवर थोडी मागं गेली, आणि पुन्हा येऊन तीच पानं उलटली. कोमुहांगीला हुंदका आला. मास्कच्या आत रडायचं म्हणजे श्वासाचे हाल होतात, पण मास्क काढायचा नाही हा तिचाच नियम होता.

पुढच्या आठवड्यात तिनं चर्चच्या अंगणात सगळ्यांना बोलावलं. तिनं सांगितलं, की चूक माझी झाली, अर्धवट सल्ला मी दिला, टाकून द्या म्हटलं आणि कुठं टाकायचं ते सांगितलं नाही. आता बुजगावणी काढावी लागतील, कपड्यांसकट जाळावी लागतील. कुणी आरडाओरडा केला असता तर तिला बरं वाटलं असतं. शेवटी गावचा चेअरमन उठला, मऊ बोलणारा माणूस.

"फास काढा म्हणालीस, काढले," तो म्हणाला. "बुजगावणी लावा म्हणालीस, लावली. कपडे टाका, टाकले. आता बुजगावणी जाळा. जाळतो बाई. फक्त पुढचं काय ते एकदाच सांगून टाक, म्हणजे आम्ही तयारीत राहतो."

कुणीतरी हसलं. ती नेहमीसारखं उत्तर देईल म्हणून सगळे थांबले. तिनं काडेपेटी काढून चेअरमनच्या हातात दिली.

दुपारभर उतारावर धूर होता. निळा शर्ट जळला, फुलाफुलांचा झगा जळला. त्याच आठवड्यात ऑफिसाचं पत्र आलं, की चौकशी पूर्ण होईपर्यंत न्याबारेमातला आरोग्य कार्यक्रम थांबवण्यात येत आहे. नर्सबाई पेटी न्यायला आली आणि कोमुहांगीला मिठी मारून गेली. तिबेसिग्वा म्हणाला नाही, की मी सांगितलं होतं. तेवढी माणुसकी त्याच्यात होती.

आमच्याकडे जुलैअखेरीला थंडी झोंबते आणि कोरड्या धुळीनं घसे धरतात. दर वर्षी ह्या दिवसांत पेटीतून खोकल्याचं औषध जायचं. त्या वर्षी गेलं नाही.

ऑगस्टच्या एका सकाळी तिबेसिग्वाचा निरोप आला, की रुताबाचं कुटुंब बाहेर आलंय, तुझ्या आत्याच्या केळीत. कोमुहांगी मास्क चढवून धावतच खाली आली. बांधावर आली आणि थबकली. शेताशेतांतून माणसं उभी होती. म्हातारी माणसं, बायका, ठरावीक अंतरानं, हातात डबे नाहीतर काठ्या. बुजगावणी गेली, म्हणून लोक स्वतःच उभे राहिले होते. आणि सगळ्या उतारावरून, कधी इथून कधी तिथून, खोकल्याचा आवाज येत होता.

आत्या केळीच्या कडेला, त्याच जुन्या दोन काठ्यांच्या जागी उभी होती. डोक्याला फडकं, हात दोन्ही बाजूंना पसरलेले. समोर पंधरा पावलांवर कान्यांगे केळीचा बुंधा सोलत होती. तिच्या हातांवर नवे केस यायला लागले होते. पोटाशी काही नव्हतं.

आत्या खोकली. आतून, ओढून काढल्यासारखी. तोंडावर हात धरायला तिला हात मोकळे नव्हते.

"आत्या, घरी जा," कोमुहांगी म्हणाली. "कधीपासून खोकतेयस?"

"चार-पाच दिवस. अकाम्पाला पण आहे. सगळ्यांनाच आहे." आत्यानं तिच्याकडे पाहिलं. "घरी जाते, पण मग इथं कोण? ज्वारी त्या वानरांनी नेली. केळी तरी राहू देत."

"तुझा खोकला त्यांना लागेल आत्या."

"ते ठाऊक आहे मला. सोळा वर्षं ऐकतेय." आत्याच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरोखरच विचारायचं होतं. "म्हणून तर विचारते, काय करू? फास नाही, बुजगावणं नाही, औषध नाही. तू सांग, तसं करते. आजवर तुझं एक तरी मोडलं का मी?"

"नाही," कोमुहांगी म्हणाली. "एकही नाही."

आत्या थांबली. पोरगी आता सांगेल म्हणून तिच्या तोंडाकडे बघत राहिली, मग खोकल्याची उबळ आली आणि ती वाकली. कान्यांगेनं खाणं थांबवून डोकं वर केलं.

कोमुहांगीनं स्वतःच्या तोंडावरचा मास्क काढला आणि आत्याच्या तोंडाला बांधला. तिला धरून बाजूला केलं. मग आत्याच्या जागी, दोन काठ्यांच्या मधे उभी राहिली. आता तोंड उघडं होतं, म्हणून तिनं ते गावाकडे फिरवलं, पाठ कान्यांगेकडे केली, आणि दोन्ही हात पसरले.

"अगं, अशी पाठ करून उभी राहिलीस तर ती घाबरेल कशी?" आत्या मास्कमधून म्हणाली.

मागं केळीचा दुसरा बुंधा मोडल्याचा आवाज आला.